उघाडीच्या अल्याड-पल्याड

यंदाच्या अंकाचा विषय 'हद्द' आहे असं संपादकांनी कळवलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा देशांच्या सीमा असाव्यात. मी मात्र अलिबाग-पेणच्या खारेपाटात गेलो. जमीन आणि समुद्र यांच्यातली हद्द इथे माणसांनी हातांनी घातली आहे आणि ती दर वर्षी पुन्हा घालावी लागते.

पोयनाड-पेझारीचा बाजार मागे टाकून शहापूर-धेरंडच्या दिशेला वळलं की टेकड्या दूर सरकतात आणि जमीन ताटासारखी सपाट होते. दोन्ही बाजूंना भातखाचरं, घराशेजारी एखादं तळं, आणि समोर आडवा, पुरुषभर उंचीचा मातीचा बांध. त्यावर चढेपर्यंत पलीकडे काय आहे याचा पत्ता लागत नाही. चढल्यावर दिसते धरमतरची खाडी. उधाणाच्या भरतीला इथे उभं राहिलं तर डावीकडचं पाणी उजवीकडच्या शेतापेक्षा उंच आहे हे नुसत्या डोळ्यांना कळतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. गावातल्या बाया मात्र त्याच बांधावरून डोक्यावर पाटी घेऊन निवांत बोलत चाललेल्या असतात.

अख्ख्या खारेपाटाचं गणित एका वाक्यात मावतं. शेत भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे, पण ओहोटीच्या पाण्यापेक्षा वर आहे. ते भरतीच्या वर असतं तर बांध लागला नसता. ओहोटीच्याही खाली असतं तर पावसाचं पाणी बाहेर काढायला पंप लागले असते. मधल्या त्या हातभर-दोन हात फरकावर इथल्या पिढ्यान्‌पिढ्या जगल्या आहेत.

एक झडप

हा फरक ज्या यंत्राने वापरला जातो त्याला उघाडी म्हणतात. बांधाच्या पोटातून दगडी बांधकामाची मोरी काढलेली असते. खाडीच्या बाजूला मोरीच्या तोंडावर झडप असते, पूर्वी लाकडाची, आता बहुतेक ठिकाणी लोखंडाची. ती वरच्या बाजूला बिजागरीवर टांगलेली. भरती चढली की खाडीचं पाणी तिला बाहेरून दाबून बंद करतं. ओहोटी लागली की आत साठलेलं पावसाचं पाणी तिला आतून ढकलतं आणि बाहेर पडतं. ना वीज, ना चौकीदार. चंद्र उघडझाप करतो.

एवढी साधी वस्तू बिघडते कशी, हे पाहायचं तर ओहोटीला चिखलात उतरावं लागतं. एका उघाडीची झडप मी जवळून पाहिली. तिच्या कडेला कालवांचा आणि शिंपल्यांचा खरखरीत थर चढला होता, आणि खालच्या कोपऱ्यात कुठून तरी वाहत आलेला नारळाचा झाप अडकला होता. झडप चार बोटं उघडीच राहत होती. दर भरतीला त्या चार बोटांतून खारं पाणी पिचकारीसारखं आत येत होतं. त्या बाजूच्या खाचरातलं भात पिवळं पडलं होतं, पलीकडचं हिरवंगार होतं. झाप काढायला एका माणसाचं पाच मिनिटांचं काम. पण उघाडी सरकारी, तिच्यावर कामगार नेमलेला नाही, आणि शेतं पन्नास जणांची. झाप पंधरा दिवस तिथेच होता.

कधी कधी झडप मुद्दाम उचलून धरलेली असते. उघाडीच्या तोंडाशी जाळं लावलं की आत येणारी-बाहेर जाणारी कोळंबी आणि बारीक मासळी आयती मिळते. रात्री कोणी झडपेखाली ओंडका सारला यावरून गावात भांडणं होतात, आणि ती पोलीस पाटलापर्यंत जातात. गंमत म्हणजे ओंडका सारणारा आणि तक्रार करणारा बरेचदा एकाच भावकीतले असतात.

उघाडीशी ज्याचा रोजचा संबंध आहे त्याला भरतीचं वेळापत्रक छापील लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून. चंद्रामागे भरती रोज साधारण पाऊण तासाच्या वर उशिरा येते, त्याचा हा हिशेब. तो मुंबई-रायगडच्या किनाऱ्याला लागू पडतो, सगळ्या जगाला नाही, हेही इथल्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहे. उधाण अमावास्या-पौर्णिमेच्या पाठोपाठ, भांग अष्टमीच्या आसपास. उधाणाला पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त. भांगाला दोन्ही कमी. पुढे खांडीची, म्हणजे बांध फुटून पडलेल्या खिंडाराची, गोष्ट येईल तेव्हा हा भांग लक्षात ठेवावा लागेल.

मीठ धुणारा पाऊस

मे महिन्यात हीच खाचरं ओळखू येत नाहीत. जमिनीला हाताचा पंजा जाईल अशा भेगा, आणि भेगांच्या कडांना पांढरी फुली. बोट लावून चाखलं तर खारट. समुद्राच्या दर लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. बांधाखालून आणि खोलवरून ते जमिनीत येतच असतात. उन्हाळ्यात वरची माती वाळली की खालचं खारं पाणी दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं वर चढतं, पाणी उडून जातं आणि मीठ राहतं. म्हणून इथे एकच पीक, पावसाळी भाताचं. उन्हाळी पीक घ्यायचं तर गोड पाणी हवं. हेटवणे धरण झालं, त्याचं पाणी शेतापर्यंत कधी पोचणार हा पेण तालुक्यातला जुना प्रश्न आहे.

पावसाळा लागला की पहिले काही आठवडे शेतकरी पेरणीपेक्षा धुण्याचं काम करत असतो. खाचरात पाणी अडवायचं, मीठ विरघळू द्यायचं, ओहोटीला उघाडीतून सोडून द्यायचं, पुन्हा अडवायचं. कोकणात दोन-अडीच हजार मिलिमीटर आणि त्याहून जास्त पाऊस पडतो म्हणून हे जमतं. कमी पावसाच्या मुलखात असली जमीन कधीच कसता आली नसती. पाऊस लांबला किंवा मध्येच आठ-दहा दिवस उघडला तर मीठ पुन्हा वर येतं. भाताचं रोप लहान असताना खार सोसत नाही, फुटवे आल्यावर बऱ्यापैकी सोसतं, आणि फुलोऱ्यात पुन्हा नाजूक होतं. ऑगस्ट-सप्टेंबरातल्या उधाणाची धास्ती म्हणून अधिक. तेव्हा पीक गर्भात असतं.

जिथे लावणी परवडत नाही किंवा चिखल फार खोल आहे तिथे रहू टाकतात, म्हणजे बी भिजवून, मोड आणून, थेट चिखलावर फोकायचं. या जमिनींसाठी कोकणात 'काळा रता', 'भुरा रता' अशा खार सोसणाऱ्या जुन्या जाती होत्या. तांदूळ लालसर, जाड, उतारा बेताचा, पण वाईट वर्षीही काहीतरी पदरात टाकणारा. १९७२ साली स्थापन झालेल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं खार जमीन संशोधन केंद्र पनवेलला आहे. त्याने पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या जाती दिल्या. प्रयोगशाळेतलं विज्ञान आणि बांधावरचं शहाणपण यांची गाठ पडली ती अशा ठिकाणी. मला मात्र एक गोष्ट खटकते. आपण बियाण्यावर काम करतो तेवढं बांधावर करत नाही. खार सोसणारी जात झडपेच्या चार बोटांच्या गळतीला पुरते. फुटलेल्या बांधाला कुठलीच जात पुरत नाही.

खांड

बांध फुटतो तो बहुतेक वेळा लाटेने नाही, खेकड्याने. बिळं आरपार गेली की भरतीचं पाणी आधी पाझरतं, मग झिरपतं, मग मातीचे कण घेऊन येऊ लागतं. पाझराचं पाणी नितळ असेल तोवर चिंता नसते. गढूळ झालं की धावायचं. ही खूण मला एका आजोबांनी सांगितली. धरणांची देखभाल करणारे अभियंतेही हीच खूण मानतात.

एकदा खांड पडली की ती वाढते, आणि तिची वाढ मोजता येते. बांधामागे १०० हेक्टर शेती आहे आणि तिच्यावर सरासरी एक मीटर पाणी चढतं असं धरा. म्हणजे १० लाख घनमीटर पाणी. ते सुमारे सहा तासांत त्या एका तोंडातून आत शिरणार आणि पुढच्या सहा तासांत बाहेर पडणार. तोंड दहा फुटांचं असेल तर त्यातून धार नदीच्या पुरासारखी धावते आणि दोन्ही कडा खरवडते. दिवसातून दोन भरत्या, दोन ओहोट्या, असे चार घाव. पहिल्या दिवशी चार माणसांनी बुजली असती ती खांड पहिल्या उधाणानंतर अख्ख्या गावाला आवरत नाही, आणि दोन उधाणांनंतर यंत्रांनाही जड जाते.

म्हणून खांड बांधायचा मुहूर्त असतो भांगाचा. अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढतं, धार मंद असते. ओहोटी लागली की दोन्ही बाजूंनी लाकडी मेढी ठोकायच्या, मध्ये पेंढा आणि झाडोरा दाबायचा, आणि खाजणातली चिकण माती गोळ्यागोळ्यांनी हातोहात पुढे द्यायची. माणसांची रांग लागते. भरती परत यायच्या आत मधली फट बंद झालीच पाहिजे. अर्धवट राहिली तर सगळं वाहून जातं आणि पुढच्या भांगापर्यंत पंधरवडा थांबायचं. तोवर मध्ये एक उधाण येऊन गेलेलं असतं.

हे काम कोणाचं, हा खारेपाटातला खरा राजकीय प्रश्न आहे आणि तो जुना आहे. खोत आणि सावकार यांच्या काळात बांध त्यांच्या हिताचा होता, राबणं मात्र कुळांचं. १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने चरी गावी शेतकऱ्यांनी संप पुकारला. पंचवीस गावांतल्या कुळांनी खोतांची जमीन कसायचं थांबवलं. तो संप १९३९ पर्यंत चालला. लाकूडफाटा आणि खाडीतली मासळी यांवर माणसांनी ती वर्षं काढली. खोती नाहीशी करण्याचं विधेयक डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात मांडलं, त्यामागे ही पार्श्वभूमी होती. पुढे १९४८ साली कूळकायदा आला. त्याच वर्षी खार जमिनींचा कायदाही झाला, आणि मग १९७९ चा महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियम. कसणारा मालक झाला, हा मोठा न्याय होता. पण बांध सरकारकडे गेला. गावाने मेढी ठोकायच्या की पेणच्या खारभूमी कार्यालयात अर्ज द्यायचा, याचा निर्णय हळूहळू अर्जाच्या बाजूने झुकला. गावातली तरुण पोरं कंपन्यांत, बंदरात, रिक्षावर. मेढी ठोकणारे हातही उरले नाहीत, हेही तितकंच खरं. अर्ज, पाहणी, अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा हा सरकारी प्रवास भांगाच्या तिथीने चालत नाही.

नेदरलँड्समध्ये समुद्रापेक्षा खाली असलेल्या जमिनींचे बांध तेराव्या शतकापासून स्थानिक जलमंडळं सांभाळतात. त्यांच्या स्वतंत्र निवडणुका होतात, ती स्वतःचा कर वसूल करतात. त्यांच्याकडे पैसा आहे म्हणून त्यांना जमतं असं आपण म्हणतो. पण ही मंडळं सुरू झाली तेव्हा ती चालवणारे मातीत राबणारे शेतकरीच होते. काम, पैसा आणि अधिकार एका जागी होते, एवढंच.

मग तिवर येतं

खांड राहिली की पहिल्या वर्षी भात जातं. दुसऱ्या वर्षी बांध-बांधोळ्या विरघळून खाचरांच्या रेषा पुसट होतात, वर मऊ चिखलाचा थर बसतो. आणि मग पावसाळ्यात भरतीबरोबर तिवराचं बी येतं. ते झाडावर असतानाच अंकुरलेलं असतं, पाण्यावर तरंगतं, आणि जिथे पाणी संथ तिथे टेकलं की दोन-चार दिवसांत मुळं सोडतं. लाटांनी धुतल्या जाणाऱ्या उघड्या किनाऱ्यावर त्याला टिकणं अवघड. मोडक्या बांधाच्या आतली, वारा-लाट नसलेली, रोज दोनदा भिजणारी भातजमीन म्हणजे त्याला मांडून ठेवलेला पाट. चार-पाच पावसाळ्यांत ते डोक्याएवढं होतं. पानाच्या पाठीवर बोट फिरवलं तर मीठ लागतं, कारण झाड नको असलेला क्षार पानातून बाहेर टाकतं. बुंध्याभोवती चिखलातून पेन्सिलींसारखी श्वासमुळं वर येतात. कधी काळी तिथे दोरी लावून रोपं लावली होती हे सांगूनही पटत नाही.

तिवर, चिप्पी, कांदळ, मरांडी ही झाडं किनाऱ्याला किती मोलाची आहेत याबद्दल आता वाद नाही. लाटांचा जोर ती कमी करतात, चिखल धरून ठेवतात, कोळंबीची आणि चिंबोरीची पिल्लं त्यांच्या मुळांत वाढतात, आणि त्यांच्याखालच्या गाळात कार्बन वर्षानुवर्षं दडून राहतो. बांधाबाहेर कांदळवनाचा पट्टा असेल तर खुद्द बांधही टिकतो, हे शेतकरी आपणहून सांगतात. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवन तोडीला मनाई केली, आणि २०१८ च्या निकालात कांदळवनाचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरवला. राज्याचा कांदळवन कक्ष २०१२ मध्ये सुरू झाला. २०२० मध्ये पांढरी चिप्पी हा राज्याचा कांदळवृक्ष झाला. मुंबईभोवती भराव टाकून खाजणं कशी गिळली गेली हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना या निर्णयांची गरज पटवून द्यावी लागत नाही. उरणला तर ते आजही डोळ्यांसमोर आहे.

पण तोच कायदा खारेपाटात येतो तेव्हा काय होतं ते पाहा. २०१९ च्या किनारा नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) अधिसूचनेत बांध आणि उघाड्यांबद्दल खास तरतूद आहे. १९ फेब्रुवारी १९९१ पूर्वीचा बांध किंवा उघाडी असेल तर भरतीरेषा तिथेच थांबते असं मानायचं. म्हणजे आतली जमीन समुद्राची नाही. इथवर शेतकऱ्याच्या बाजूचं. पुढच्याच ओळीत म्हटलं आहे की बांधाच्या आत खारं पाणी शिरून कांदळवन उगवलं असेल तर ते सर्वोच्च संरक्षणाच्या 'सीआरझेड-१ अ' वर्गात जाईल, क्षेत्र कितीही असो. मग खांड बुजवायला माती काढायची तर झाडं आड येतात, यंत्र न्यायचं तर झाडं आड येतात, आणि झाडांना हात लावायचा तर न्यायालयापर्यंत जावं लागतं. बांध दुरुस्त न करणाऱ्याला कायदा काही विचारत नाही. दुरुस्त करू पाहणाऱ्याला मात्र दहा ठिकाणी विचारतो. सातबारावर नाव शेतकऱ्याचंच राहतं. पिकाचा रकाना तेवढा रिकामा.

माणकुळे, बहिरीचा पाडा या बाजूला हिंडताना हा राग ऐकू येतो. झाडांवरचा राग नसतो तो. आमच्या शेतात समुद्र आणला कोणी, हे आधी ठरवा, एवढंच म्हणणं असतं. माझ्या मते ते बरोबर आहे. इंग्लंडात एसेक्स परगण्यातल्या ॲबट्स हॉल फार्मवर २००२ मध्ये समुद्राचा बांध मुद्दाम पाच ठिकाणी फोडला आणि शेतजमीन दलदलीला परत दिली. पर्यावरणाच्या जगात या प्रयोगाचं कौतुक होतं. पण तिथे निसर्गसंस्थेने शेत आधी विकत घेतलं होतं. खारेपाटात समुद्र आधी आला, झाडं मग आली, कायदा त्यानंतर आला, आणि मोबदल्याची गोष्ट अजून सुरूच व्हायची आहे.

पाणी चढतंय

मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून समुद्रपातळीची नोंद होते. इतकी जुनी नोंद आशियात क्वचितच सापडते. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ ते २०१७ या काळात दर वर्षी ३.३ मिलिमीटरने वाढली. आधीच्या शतकाहून अधिक काळात ही वाढ वर्षाला एक ते पावणेदोन मिलिमीटर होती. मिलिमीटर ऐकून हसू येतं. पण हातभर फरकावर चालणाऱ्या शेतीत तीस वर्षांत दहा सेंटिमीटर म्हणजे उघाडी उघडी राहण्याचा वेळ दर ओहोटीला थोडा कमी. पाऊस एकाच दिवसात धो धो कोसळू लागला तर आत साठणारं पाणी जास्त आणि ते सोडायला मिळणारा वेळ कमी. शिवाय धरमतरच्या खाडीतून आता मोठ्या बार्ज ये-जा करतात आणि त्यांच्या लाटांनी बांध ढासळतात अशी शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात शिरलं तेव्हा सगळ्यांचं लक्ष पडलेल्या सुपारीच्या बागांकडे गेलं, आणि ते साहजिक होतं. खारेपाटात बांधांची झीज होते ती अशी एका दिवसात दिसत नाही.

जिताडा आणि जाळं

घराशेजारच्या तळ्यांचा उल्लेख मघाशी आला. पावसाचं गोड पाणी साठवायला खणलेल्या या तळ्यांत जिताडा पाळतात. पावसाळ्यात खाडीतून जिताड्याची बोटभर पिल्लं धरून तळ्यात सोडायची, बारीक मासळी खाऊन ती दोन-तीन वर्षांत हातभर होतात. हा मासा जगतो गोड्या पाण्यातही, पण अंडी घालायला त्याला खाडीचं तोंड लागतं. आधी तो नर असतो, मोठा झाल्यावर मादी होतो. त्यामुळे तळ्यात त्याची वीण होत नाही आणि दर वर्षी खाडीकडे हात पसरावा लागतो. जावयाला जिताडा, साहेबाला जिताडा, अडलेल्या फायलीलाही जिताडा, अशी इथली थट्टा आहे. थट्टा तरी कितपत म्हणावी!

शेत आणि खाडी यांच्यातली ही देवघेव बाहेरच्या माणसाच्या चटकन लक्षात येत नाही. आपण शेतकरी एकीकडे आणि मच्छीमार दुसरीकडे असे रकाने पाडतो. खांड पडून बुडालेल्या जमिनीत कोळंबी येते, चिंबोरी येते, आणि ज्याच्या नावावर गुंठाही नाही त्याची चूल त्यावर पेटते. २०१७ पासून राज्य सरकारची कांदळवन संरक्षण आणि उपजीविका योजना आहे. तीत खेकडेपालन, पिंजऱ्यातले मासे, कालवं अशा कामांना अनुदान मिळतं. बुडालेल्या जमिनीचा मालक आणि तिथे जाळं टाकणारा यांनी एका गटात यावं, असा प्रयत्न कागदावर सोपा वाटतो.

नारळी पौर्णिमेच्या सुमारास एका पारावर हाच विषय निघाला होता. विशीतला एक मुलगा म्हणाला, "काका, तुमची खांड बुजवली तर मी जाळं कुठे टाकायचं?" काका काही वेळ तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, "पहिल्याच भांगाला बुजवली असती तर तुला तुझी खाडी होती, मला माझं शेत होतं. आता दोघं मिळून झाडं राखतोय, सरकारची." कोणीतरी हसलं. नंतर बोलणं शेजारच्या उघाडीवर गेलं. तिची झडप खालून गंजली आहे आणि नवीन झडपेचा अर्ज दिलेला आहे. मार्चअखेरीला पैसे सुटले तर मेमध्ये काम होईल, पण तिच्या बाजूच्या बांधाला मातीही घालायची आहे, आणि वाळलेली ढेकळं नुसती रचून पहिल्या पावसात मुरत नाहीत, त्या मातीकामाला जानेवारीतच हात घालायला हवा, असं काकांचं म्हणणं. मुलाने कोणा ठेकेदाराचा नंबर मोबाइलमध्ये शोधायला घेतला.